जैवआधारित उत्पादनांना ग्राहक मिळवून देणारं धोरण कसं लिहावं

जैवआधारित, म्हणजे खनिज तेलाऐवजी वनस्पतींसारख्या जैव स्रोतापासून केलेल्या, उत्पादनांच्या धोरणाचा मसुदा हातात आला की मी प्रस्तावना सोडून देते आणि त्यात 'खरेदी' कुठे आहे ते शोधते. बहुधा ती शेवटच्या पानावर सापडते, 'सर्व विभागांनी अशा उत्पादनांना शक्यतो प्राधान्य द्यावे' एवढ्या एका वाक्यात उरकलेली. त्याआधी संशोधन निधी, उत्कृष्टता केंद्रं, भांडवली अनुदान, पुरस्कार योजना. अशा धोरणातून कारखाना उभा राहतो, फीत कापली जाते, माल तयार होतो आणि गोदामात पडून राहतो. तो विकत घेण्याची सक्ती किंवा सोय कोणाच्याच कागदावर नसते.

माझं काम निविदांच्या तांत्रिक अटी लिहिण्याचं आणि तपासण्याचं. त्यामुळे माझा कल आधीच सांगून टाकते: ग्राहक आधी, अनुदान नंतर. ज्यांच्यावर असं धोरण लिहायची वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे टिपण आहे, मग ते मंत्रालयात असोत, पालिकेत असोत किंवा एखाद्या मोठ्या संस्थेच्या खरेदी विभागात.

आधी वस्तू निवडा

जगात दरवर्षी ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक तयार होतं. त्यात जैवआधारित आणि जैवविघटनशील प्लास्टिक दोन्ही धरूनही १ टक्का भरत नाही. 'अमुक सालापर्यंत सर्व क्षेत्रांत जैवआधारित पर्याय' असं ध्येय लिहिणं म्हणूनच सोपं, आणि त्याला अर्थ नाही. चार-पाच वस्तू निवडा. निवडताना एकच प्रश्न विचारा: ही वस्तू वनस्पतीपासून बनली याखेरीज तिचा वापरणाऱ्याला आणखी काही उपयोग आहे का?

वंगणाचं उदाहरण घ्या. जहाजाच्या शाफ्टमधून, धरणाच्या दरवाज्यातून, लाकूड कापायच्या करवतीच्या साखळीतून तेल गळणारच. ते थेट पाण्यात किंवा मातीत जातं. तिथे वनस्पती तेलापासून केलेलं, लवकर विघटन होणारं वंगण खरंच वेगळं काम करतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१३ च्या जहाज परवान्यात नेमकी हीच जागा धरली. तेल जिथे समुद्राच्या पाण्याला भिडतं तिथे, तांत्रिकदृष्ट्या अशक्य नसेल तर, पर्यावरणाला चालणारंच वंगण वापरा अशी अट घातली. गंमत म्हणजे त्या अटीत 'जैवआधारित' असण्याची सक्तीच नाही. विघटन किती होतं, विषारीपणा किती, सजीवांच्या शरीरात साठतं का, एवढंच विचारलं आहे. तरी एस्टर तेलांना (वनस्पती तेलांच्या जातीची, लवकर विघटन होणारी तेलं) त्यातून हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. परिणामाची अट स्रोताच्या अटीपेक्षा कधीकधी जास्त कामाची ठरते, हे मी अशा मसुद्यांवर नेहमी लिहून देते.

शेतात अंथरायची आच्छादन फिल्म ही दुसरी चांगली जागा. साधी प्लास्टिकची फिल्म मातीतून पूर्ण गोळा होत नाही, तुकडे राहतात. मातीत विघटन होणाऱ्या फिल्मसाठी २०१८ पासून ईएन १७०३३ हे युरोपीय मानक आहे. त्यात २ वर्षांच्या आत ९० टक्के विघटनाची कसोटी आहे. ओला कचरा गोळा करायच्या पिशव्या, इमारतींचं इन्सुलेशन, छपाईची शाई, साफसफाईची द्रव्यं हीही पहिल्या यादीत शोभतील. ज्या वस्तूचा पुनर्वापर आधीच नीट चालू आहे तिला मात्र पहिल्या फेरीत हात लावू नका.

व्याख्या आणि मोजमाप

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. पुढची प्रत्येक भानगड इथूनच निघते.

पहिली गल्लत सगळ्यांना माहीत असते आणि तरी मसुद्यात शिरते: जैवआधारित म्हणजे कुजणारं, असं गृहीत धरलं जातं. उसाच्या इथेनॉलपासून केलेलं पॉलिइथिलीन पूर्ण वनस्पतिजन्य असूनही साध्या पॉलिइथिलीनइतकंच चिवट असतं. ब्राझीलमध्ये २०१० पासून ते, सुरुवातीला वर्षाला २ लाख टन क्षमता असलेल्या कारखान्यात, बनतंय. उलट पीबीएटी हे प्लास्टिक बहुतांश पेट्रोलियमपासून बनतं आणि कंपोस्टमध्ये विघटन पावतं. पीएलए हे पिकांच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक वनस्पतिजन्यही आहे आणि कंपोस्ट होणारंही, पण औद्योगिक कंपोस्टच्या ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत; अंगणातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं राहू शकतं. म्हणून धोरणात दोन स्वतंत्र रकाने ठेवा. स्रोतासाठी एक मोजमाप, विघटनासाठी दुसरं. कंपोस्टसाठी ईएन १३४३२ सारखं मानक आहेच: ६ महिन्यांत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर, आणि १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत.

स्रोताचं मोजमाप कार्बन-१४ वर चालतं. हवेतला हा किरणोत्सारी कार्बन जिवंत वनस्पती शोषून घेते. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षं. खनिज तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यामुळे त्यात तो शिल्लकच नसतो. नमुन्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी किती ताजा आणि किती पुराणा हे त्यावरून कळतं. अमेरिकेतली एएसटीएम डी ६८६६ आणि युरोपातली ईएन १६६४० या पद्धती ह्याच तत्त्वावर आहेत. या चाचणीला पुरवठादाराच्या गोड बोलण्याशी देणंघेणं नसतं, म्हणून मला ती आवडते.

पण टक्के कशाचे, हे लिहिलं नाहीत तर फसाल. पीईटी प्लास्टिकची पाण्याची बाटली घ्या. तिचे दोन घटक; त्यातला फक्त ग्लायकोल वनस्पतीपासून केला तर दर दहा कार्बनपैकी दोन वनस्पतीचे होतात, म्हणजे कार्बनच्या हिशेबाने २० टक्के. वजनाच्या हिशेबाने मात्र तीच बाटली सुमारे ३० टक्के जैवआधारित ठरते, कारण ग्लायकोलबरोबर ऑक्सिजनचंही वजन येतं. दोन्ही आकडे खरे. तुमच्या निविदेत नुसतं 'किमान २५ टक्के' लिहिलं असेल तर ही बाटली पात्र की अपात्र, यावर महिनाभर पत्रव्यवहार चालेल आणि शेवटी निविदा रद्द होईल.

दुसरा खड्डा मास बॅलन्सचा. रसायन कारखान्यात खनिज नाफ्था (प्लास्टिकचा द्रवरूप कच्चा माल) आणि वनस्पतिजन्य नाफ्था एकाच नळीतून आत जातात, आणि हिशेबाच्या वहीत वनस्पतीचा वाटा ठरावीक मालावर मांडला जातो. हे कायदेशीर आहे, त्याची प्रमाणपत्रंही मिळतात. मात्र कार्बन-१४ ची चाचणी केली तर त्या मालात वनस्पतीचा कार्बन जवळजवळ सापडणार नाही असंही होऊ शकतं. माझं मत: मास बॅलन्सचा माल बाद करू नका, पण त्याला वेगळा रकाना द्या आणि पहिल्या काही वर्षांच्या किमान प्रमाणात तो मोजू नका. नाहीतर ज्याने खरोखर नवा कच्चा माल वापरायला यंत्रं बदलली तो, वही बदलणाऱ्यासमोर हरतो.

आणखी एक गोष्ट धोरण लिहिणाऱ्यांना आडवी येते: लाकडी टेबल आणि सुती चादर ही जैवआधारित उत्पादनं धरायची का? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बायोप्रिफर्ड या सरकारी खरेदीच्या कार्यक्रमाने ज्या उत्पादनांचा १९७२ सालीच बाजारात चांगला जम बसला होता त्यांना सुरुवातीला बाहेर ठेवलं, कारण हेतू नव्या मालाला वाट करून देण्याचा होता. लाकूड उद्योग अर्थातच नाराज झाला, आणि २०१४ च्या कृषी कायद्याने वनोपजांना दार उघडलं. तुम्ही कोणतीही बाजू घ्या, पण ती पहिल्याच दिवशी लिहा.

निविदेतलं कलम

सरकारी खरेदी ही काही छोटी पेठ नाही. ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, संघटनेतल्या देशांत ती देशाच्या उत्पन्नाच्या १२ टक्क्यांच्या घरात जाते. तिथे एक नीट लिहिलेलं कलम अनुदानाच्या अख्ख्या योजनेला भारी पडतं. यंत्रात दाब पोचवणाऱ्या हायड्रॉलिक तेलासाठी मी जे लिहीन ते असं:

'पुरवठा होणाऱ्या तेलातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी किमान ४४ टक्के कार्बन जैव स्रोताचा असावा. पुराव्यादाखल एएसटीएम डी ६८६६ किंवा समकक्ष पद्धतीने केलेल्या चाचणीचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, २४ महिन्यांहून जुना नसलेला अहवाल जोडावा. अहवालातील व निविदेतील उत्पादनाचे नाव आणि ग्रेड एकच असावेत. खरेदीदार कोणत्याही खेपेतून नमुना घेऊन चाचणी करून घेऊ शकेल. निकाल घोषित प्रमाणापेक्षा टक्केवारीच्या ३ अंकांहून अधिक खाली आल्यास चाचणीचा खर्च पुरवठादार सोसेल व ती खेप स्वखर्चाने परत नेईल. व्हिस्कॉसिटी, ऑक्सिडेशन स्थिरता, गंजरोधकता आणि ओतणबिंदू यांच्या अटी या वापरासाठी एरवी असतात त्याच राहतील.'

४४ हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००६ मध्ये बायोप्रिफर्ड कार्यक्रमात जागा बदलत चालणाऱ्या यंत्रांच्या हायड्रॉलिक तेलासाठी हेच किमान प्रमाण ठरवलं होतं. त्याच वेळी गंजलेले नट-बोल्ट सोडवायच्या तेलासाठी ६८ टक्के, आणि चादरी-टॉवेलांसाठी अवघे १२ टक्के. प्रत्येक वस्तूला तिचा आकडा, हीच त्या कार्यक्रमाची शहाणी गोष्ट. सगळ्यांना एकच ५० टक्के लावलेत तर अर्ध्या वस्तूंत कोणी बोली लावणार नाही आणि उरलेल्यांत कोणाला काही बदलावंच लागणार नाही.

'किंवा समकक्ष' हे दोन शब्द गाळू नका. ते नसले तर स्पर्धा मर्यादित केल्याची तक्रार येते. 'नाव आणि ग्रेड एकच' यामागेही अनुभव आहे. एका निविदेत आलेला अहवाल अगदी अस्सल होता, फक्त तो त्या पुरवठादाराच्या दुसऱ्याच तेलाचा होता. आणि ३ अंकांची सूट का, तर चाचणीची स्वतःची अनिश्चितता साधारण तेवढी धरली जाते. तिच्याहून बारीक भांडण करण्यात हशील नाही.

कार्यक्षमतेच्या अटी सैल करू नका. 'पर्यावरणासाठी थोडं सांभाळून घ्या' म्हणून एकदा कमजोर माल आत आला की यंत्रं चालवणारे कामगार पुढची दहा वर्षं त्या मालाचं नाव काढू देत नाहीत, आणि ते बरोबरच असतात. वनस्पती तेलात ऑक्सिडेशन (हवेने तेल बिघडणं) आणि थंडीत घट्ट होणं या खऱ्या अडचणी आहेत; त्यावर संश्लेषित एस्टर हा उपाय आहे. आयएसओ १५३८० या आंतरराष्ट्रीय मानकात या तेलांचे वेगवेगळे वर्ग दिलेले आहेत, त्यातून यंत्राला झेपेल तो निवडा.

तेल बदलण्याचा खर्चही धोरणात धरा, तो हमखास विसरला जातो. जुनं खनिज तेल यंत्रात २ टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे यंत्र धुवावं लागतं, फिल्टर बदलावे लागतात, काही रबरी सीलही. हा एकदाच येणारा खर्च आहे. कोणाला अनुदान द्यायचंच असेल तर मी कारखान्याआधी इथे देईन: खरेदी करणाऱ्या विभागाला, बदलाच्या पहिल्या वर्षी.

पळवाटा किती ठेवायच्या

सक्ती केली की सूट द्यावीच लागते. अमेरिकेच्या २००२ च्या कृषी कायद्यात तीन कारणं दिली आहेत: माल वाजवी मुदतीत मिळत नाही, कामाच्या कसोटीला उतरत नाही, किंवा किंमत अवाजवी आहे. तिन्ही रास्त आहेत, आणि तिन्हींचा दुरुपयोग होतो. यावर साधा इलाज: सूट घेणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचं, कोणत्या तीन पुरवठादारांना विचारलं ते लिहायचं, आणि ही नोंद वर्षाअखेर जाहीर करायची. नुसतं जाहीर होणार म्हटल्यावर सूट मागणाऱ्यांची संख्या घटते.

'अवाजवी किंमत' म्हणजे किती, हेही तुम्हीच लिहा. पारंपरिक मालाला १०० धरलं तर ११० पर्यंत स्वीकारायचं, असं काहीतरी. त्याहून चांगला मार्ग आयुष्यभराच्या खर्चावर बोली तपासण्याचा. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात याला स्पष्ट मुभा आहे. गळतीनंतरची सफाई, विल्हेवाट, तेल किती तासांनी बदलायचं, हे सगळं धरलं की १३० चा माल पुष्कळदा ११० च्या आसपास येतो. न आल्यास नाही आला. मग ती वस्तू यादीतून काढा.

बंदी आणि पायऱ्या

बंदी हे जोरकस हत्यार, म्हणून जपून वापरा. इटलीने २०११ पासून साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली, कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना मोकळीक दिली. पुढे फळं-भाज्यांच्या पातळ पिशव्यांसाठी वनस्पतिजन्य घटकाचं किमान प्रमाण पायऱ्यांनी ठरवलं: २०१८ ला ४० टक्के, २०२० ला ५०, २०२१ ला ६०. फ्रान्सने अशीच शिडी २०१७ पासून लावली: ३०, ४०, ५०, आणि २०२५ ला ६०. पायऱ्या कायद्यातच छापल्या की कारखानदार बँकेत जाऊन सांगू शकतो की अमुक साली मला इतकी मागणी नक्की आहे. हे त्याला अनुदानाहून मोलाचं असतं.

इटलीचं जमलं याचं एक कारण कचऱ्यात आहे. मिलानसारख्या शहराने २०१२ पासून घरोघरचा अन्नाचा कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली. मग बाजारातून आणलेली पिशवी घरी कचऱ्याच्या बादलीत बसवता येऊ लागली. तिला दुसरं काम मिळालं. कंपोस्टची व्यवस्था नसलेल्या ठिकाणी हेच धोरण उचलून नेलंत तर त्या पिशव्या कचराभूमीवर जातील किंवा प्लास्टिकच्या पुनर्वापरात मिसळून तो बिघडवतील. तेव्हा आधी कचरा विभागाला बैठकीला बोलवा. बहुतेक वेळा ते यादीतच नसतात.

आणि किंमत लोकांसमोर कशी येते तेही पाहा. २०१८ च्या जानेवारीत इटलीत पातळ पिशवीचे पैसे बिलावर वेगळे दाखवणं सक्तीचं झालं. रक्कम सेंटांमध्ये होती, तरी देशभर गदारोळ उठला.

सरसकट मोकळीकही देऊ नका. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकविषयीच्या निर्देशात जैवआधारित प्लास्टिकलाही सूट नाही. चमचा वनस्पतीपासून केला तरी तो प्लास्टिकचाच चमचा. मला तो निर्णय पटतो.

लेबल

लेबलबद्दल थोडक्यात. आकड्याशिवाय 'हरित', 'निसर्गस्नेही', 'बायो' लिहायला मनाई करा. युरोपीय आयोगाने २०२२ मध्ये हेच सुचवलं, की दावा करायचा तर नेमका, मोजता येणारा वाटा लिहा. अमेरिकेत २०११ पासून असलेल्या लेबलवर टक्केवारी छापलेली असते. जपानमध्येही २५ टक्क्यांची किमान अट असलेलं चिन्ह आहे. लेबल खरेदी यादीला जोडलेलं असेल तरच पुरवठादार चाचणीचा खर्च करतो, त्यामुळे नुसतं लेबल काढून थांबू नका.

इंधनाशी होणारी ओढाताण

ही बाब उद्योगाच्या मसुद्यांत असते, सरकारी मसुद्यांत क्वचित. ऊस, मका, वनस्पती तेल, लाकूड यांवर इंधनाचा हक्क आधीपासून सांगितलेला आहे. ब्राझीलचा इथेनॉल कार्यक्रम १९७५ चा, अमेरिकेची पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळण्याची सक्ती २००५ ची, भारतानेही २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. इंधन जाळलं तर सक्तीचा बाजार मिळतो; त्याच इथेनॉलपासून पंचवीस वर्षं टिकणारा पाइप केला तर काही मिळत नाही. मग कच्चा माल पाइपाकडे कशाला येईल? धोरणात निदान इतकं करा: इंधनाला मिळणाऱ्या सवलतीचा आढावा घेताना तोच कच्चा माल वापरणाऱ्या वस्तूंनाही त्याच निकषावर तोला. आणि जमीन कोणती, जंगल तोडून तर नाही ना, हा प्रश्न इंधनाला विचारता तसा वस्तूंनाही विचारा; जैव स्रोत म्हणून कोणाला आपोआप चांगलं ठरवू नका.

मोजणार कसं

शेवटी जकातीचा सांकेतिक क्रमांक. आंतरराष्ट्रीय एचएस वर्गीकरणात पीएलएला स्वतःचा क्रमांक आहे, ३९०७.७०. उसाचं पॉलिइथिलीन मात्र खनिज पॉलिइथिलीनच्याच ३९०१ मध्ये जातं. म्हणजे आयात किती झाली, आयातशुल्कात सवलत द्यायची तर कशाला, याची सरकारी आकडेवारीच नसते. राष्ट्रीय पातळीवर उपक्रमांक वाढवता येतो; त्यासाठी वित्त खात्याला पत्र धोरणाचा मसुदा तयार होतानाच पाठवा, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तोवर खरेदी विभागांकडून तीनच आकडे दरवर्षी मागा: यादीतल्या वस्तूंवर एकूण खर्च किती, त्यात किमान प्रमाणाच्या अटीत बसणारा किती, आणि सूट किती वेळा घेतली. तिसरा आकडा पहिल्या दोन वर्षांत वाढत गेला तर दोष बहुधा विभागांचा नसतो, तुम्ही ठरवलेल्या किमान प्रमाणाचा असतो. ते त्या वस्तूपुरतं खाली आणा आणि पुढच्या निविदेआधी पुन्हा छापा.